सक्तीचा तास

गाडीनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला तेव्हा मुख्याध्यापक टाले सर संगणक खोलीच्या दाराला पाठ लावून उभे होते.

"कोणीही उठायचं नाही," ते म्हणाले. "हजेरी तास संपल्यावर होईल."

मी व्हरांड्यात होते. खिडकीच्या जाळीतून आतलं दिसत होतं. एकेका संगणकापुढं चार-चार डोकी, आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या तांड्यावरच्या पोरी. दप्तरं त्यांनी पाठीवरून उतरवलीच नव्हती. दारावर 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी होती, आणि त्या खोलीत शिरणाऱ्या निम्म्या पोरांच्या पायात मुळात काही नसायचंच. बेबी चव्हाण रडकुंडीला आली होती. अनुसया राठोडची यंत्रावर बसायची पाळी मात्र नेमकी तेव्हाच आली होती. ती खुर्चीच्या टोकावर बसून माऊस असा धरून होती, जसं काही तो हातातून उडून जाईल.

"सर, गाडी आली," मी जाळीतून म्हटलं.

"ऐकू येतं मला."

"तांड्याच्या पोरींना सोडा."

"काल सोडलं. परवा सोडलं. त्यांची हजेरी किती भरली, पाहिली का तुम्ही? वर मी काय उत्तर देऊ?"

तिसरा हॉर्न झाला. ड्रायव्हरला पोरी ठाऊक होत्या, म्हणून तो एवढा तरी थांबला. मग गिअर पडल्याचा आवाज आला आणि गाडी घाटाच्या दिशेनं निघून गेली. आत बेबीनं ओढणी तोंडात कोंबली. टाले सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी हजेरीपुस्तक काखेत घट्ट धरलं आणि घड्याळात पाहिलं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. कोळदरा नावाच्या वऱ्हाडातल्या एका गावात सरकारी शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि नववीची वर्गशिक्षिका होते. त्या वर्षी आमच्या भागातल्या सरकारी शाळांना आदेश आला की संगणक हा विषय सक्तीचा. प्रात्यक्षिकाची हजेरी पुरेशी भरली नाही तर पोराला नववीतून दहावीत घालायचं नाही. विषय शिकवायला एका कंपनीनं मयूर नावाचा एक पोरगा पाठवला. प्रयोगशाळेची खोली रिकामी करून तिथं संगणक बसले. माझ्या परीक्षानळ्या, तराजू, चुंबकं, सगळं खोक्यात भरून जिन्याखाली गेलं.

अडचण एवढीच होती की दिवसभर गावात लाइट नसायची. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट यायची ती शाळा सुटायच्या वेळी. त्यामुळं संगणकाचा तास शाळा सुटल्यावर ठेवला. गावातल्या पोरांना काय, चार पावलांवर घर. पण तांड्यावरच्या पोरींची गाडी त्याच वेळी यायची, आणि त्यानंतर गाडी नव्हती.

तांड्यावरच्या या सहा पोरी सहजासहजी नववीत आलेल्या नव्हत्या. मी कोळदऱ्याला आले तेव्हा तिथल्या मुली चौथीनंतर घरी बसत, नाहीतर ऊसतोडीला जात. मी वर्षभर तांड्यावर चकरा मारल्या. शेवटी अनुसयाचा आजा, हिरामण नाईक, मला म्हणाला होता, "बाई, धाडतो मी पोरी. माहा शब्द तांड्यावर कोणी मोडत नाही. पण गाडीनं जातीन, गाडीनं येतीन. पायी नाही. ते एवढं तुमी पाह्यजा." मी हो म्हटलं होतं.

तास संपला तेव्हा सूर्य टेकडीच्या मागं गेला होता. टाले सर सायकल काढत होते.

"आता या कशा जाणार?" मी विचारलं.

"कोणाच्या घरी ठेवून घ्या आजच्या दिवस."

"आणि तांड्यावर काय कळणार? पोरी कुठं गेल्या म्हणून?"

सरांनी सायकलचं स्टँड लाथेनं वर केलं. "बाई, मी काही गाडी पळवली नाही. आदेश मी काढला नाही. माझ्यावर डोळे वटारू नका."

मी पोरींना घेऊन पायी निघाले.

रस्ता खडीच्या क्रशरवरून जायचा. तिथं टिप्पर भरत, आणि पलीकडं एक धाबा होता, जिथं कामावरची माणसं संध्याकाळी बसत. मी पोरींना रस्त्याच्या आतल्या अंगानं घेतलं. बेबी माझ्या पदराला धरून चालत होती. अनुसया एकटीच मजेत होती.

"बाई, तो बाण आपल्या हातानं फिरते," ती म्हणाली. "मी एक घर काढलं. मंग पुसलं, तं पुसल्या गेलं. डागबी नाही राह्यला."

"गप्प चाल," मी म्हटलं.

"पाटीवर तं डाग राह्यते, बाई."

"अनुसया, गप्प चाल म्हटलं ना?"

मागून टिप्पर आला. पुढं निघून जायच्या ऐवजी तो आमच्या बरोबरीनं हळूहळू चालू लागला. केबिनमधून एकानं मान बाहेर काढली.

"मास्तरीणबाई, लय दूर जायचं हाय वाट्टे. सोडून देऊ का पोरीले? दोन दोन करून नेतो."

आतले हसले. मी पोरींना पुढं घातलं. टिप्पर तसाच चालत राहिला. त्यानं दिवे लावले तेव्हा आमच्या सावल्या पुढं रस्त्यावर लांबलचक पडल्या. पोरी बोलायच्या थांबल्या. अनुसयाही थांबली. मी खाली वाकून हाताला येईल तो दगड उचलला, केबिनच्या काचेसमोर जाऊन उभी राहिले आणि हात वर केला.  काच त्यांच्या मालकाची होती, फुटली तर पैसे त्यांच्या मजुरीतून कापले जाणार. एकानं शिवी दिली आणि टिप्पर धूळ उडवत गेला.

दगड मी तांडा येईपर्यंत टाकला नाही.

फाट्यावरच माणसं भेटली. हातात काठ्या, एकाकडं बॅटरी. पुढं हिरामण नाईक. बॅटरीचा उजेड त्यानं एकेका पोरीच्या तोंडावर पाडला, सहाच्या सहा पाहिल्या, आणि मग माझ्यावर पाडला.

"गाडी रिकामी आली, बाई."

"नाईक, शाळेत उशीर झाला. चूक आमची आहे."

"ड्रायव्हर म्हणे, पोरी आत कोंडल्या होत्या."

"कोंडल्या नव्हत्या. तास होता."

"कायचा तास?"

"संगणकाचा."

त्यानं तो शब्द तोंडात घोळवला आणि सोडून दिला. "ते शिकलं नाही तं काय होते?"

"दहावीत घेत नाहीत."

"आन् शिकाचं तं रातीचं याचं." त्यानं माझ्या हातातल्या दगडाकडं पाहिलं. कसला दगड हे त्याला विचारावं लागलं नाही. "बाई, म्या तुमच्याजवळ एकच गोष्ट मांगतली होती."

 पोरी आपापल्या बापांच्या मागं उभ्या राहिल्या. मला एका माणसानं मोटारसायकलवर गावात आणून सोडलं. 

दुसऱ्या दिवशी वर्गात सहा जागा रिकाम्या होत्या. त्याच्या पुढच्या दिवशीही.

मी तालुक्याला बसस्थानकावर जाऊन आले. तिथले साहेब भले गृहस्थ होते, चहा पाजला. म्हणाले, गाडी मुक्कामी आहे, पुढं घाट आहे, तिथल्या गावांची माणसं बसलेली असतात. एका शाळेसाठी रोज तासभर उभी कशी ठेवू? त्यांचंही खोटं नव्हतं. मयूरनं स्वतः होऊन मला गाठलं. बिचारा घाबरून इकडंतिकडं बघत म्हणाला, "मॅडम, मी त्यांची हजेरी मारून टाकतो. कोण बघतंय?"

मला ते पटलं. खोटं सांगत नाही, मनापासून पटलं. पण हजेरीवर मुख्याध्यापकाची सही लागायची. मी टाले सरांच्या खोलीत गेले.

टाले सर माणूस वाईट नव्हते. हे आज म्हणते, तेव्हा मला त्यांचं तोंड पाहवत नसे. एके काळी गणिताचे नावाजलेले शिक्षक होते. दीड वर्षावर निवृत्ती आली होती आणि नोकरीला डाग लागू नये एवढ्याच एका चिंतेनं ते पोखरले होते.

"खोट्यावर मी सही करत नाही," ते म्हणाले. "बत्तीस वर्षांत केली नाही."

"मग खरं वर कळवा. लाइट नाही, गाडी नाही. हा विषय आमच्याकडं सक्तीनं चालू शकत नाही, असं लिहून पाठवा."

"म्हणजे शाळा नालायक आहे असं स्वतःच्या हातानं लिहू?"

"शाळा नाही सर. सक्ती."

"बाई, तुम्हाला संगणकाचा एवढा राग का? पोरांचं भलं होतंय. आपल्या वेळी होतं का असलं काही?"

माझा तोल गेला. "आपल्या नववीला दोन वर्षांपासून गणिताचा शिक्षक नाही. गणित सक्तीचं नाही का? इंग्रजी मी शिकवते, मला इंग्रजीत चार ओळी धड बोलता येत नाहीत. मुलींच्या संडासाला दार नाही, त्याचा आदेश अजून यायचाच आहे. आणि पोरं काय शिकतात त्या खोलीत? चौघांत एक यंत्र, वाट्याला येतो एक बाण. तो हलवायला सहा पोरी घरी बसवल्या आपण."

"बसवल्या त्यांच्या बापांनी."

"दाराला पाठ लावून कोण उभं होतं?"

सर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा काळवंडला. "बाहेर जा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते.

पंधरवड्यानं खंडाळकर साहेब आले. शिक्षण खात्यातले तालुक्याचे अधिकारी. आमच्या शाळेचा संगणक विषयात तालुक्यात पहिला नंबर यावा असं त्यांच्या मनात होतं आणि सहा पोरी त्यात आडव्या येत होत्या. पालकांची सभा बोलावली. लाइट आल्यावर यंत्रं चालू करून दाखवायची म्हणून सभा संध्याकाळीच ठेवली. हिरामण नाईक आला. बेबीचा बाप आला. आणखी चार-पाच माणसं आली आणि सगळ्यांच्या मागं अनुसयाही आली. ते सगळे सतरंजीवर बसले. साहेब खुर्चीवर.

साहेबांनी अर्धा तास जग कुठं चाललं आहे ते सांगितलं. मग म्हणाले, "आता कोणाची काही शंका?"

 मी उभी राहिले.

"साहेब, जग कुठंही जाऊ द्या. या पोरींना संध्याकाळी घरी जायचं आहे. त्याचं काय करायचं?"

हसावं की रागवावं हे त्यांना क्षणभर कळलं नाही. "तुम्ही इथल्या शिक्षिका ना? मला वाटलं, पालक आहात."

"नववीची वर्गशिक्षिका."

"मग पालकांना समजावणं तुमचं काम. शहरातल्या मुली रात्री उशिरा क्लासहून घरी येतात."

"तिथं रस्त्याला दिवे असतात."

"वसतिगृहात घाला."

"मुलींचं वसतिगृह जिल्ह्याला आहे आणि ते भरलेलं आहे."

"बाई, अडचणी सांगायला सगळेच येतात." ते आता माझ्याशी बोलत नव्हते, टाले सरांशी बोलत होते, पण आवाज सगळ्यांना ऐकू जावा असा होता. "या लोकांचं असंच आहे. सक्ती केल्याशिवाय यांना काही पचत नाही. लस टोचायची तर सक्ती, शाळेत घालायचं तर सक्ती. नववी नापास झाली की येतील बरोबर रांगेत."

हिरामण नाईक उठला. त्याला उठायला वेळ लागला, गुडघे धरत उठला.

"साहेब, पोरी शाळेत म्या कोणाच्या सक्तीनं नाही धाडल्या," तो म्हणाला. "या बाईच्या शब्दावर धाडल्या."

"बरं. मग आता माझ्या शब्दावर धाडा."

"तुमची गाडी हाय बाहेर. आज पोरीले घरी सोडान?"

साहेब मोकळेपणानं हसले. "सोडीन की. आजच सोडतो."

"आन् उद्या?"

साहेबांचं हसू ओठावरच राहिलं. सतरंजीवरच्या कोणीतरी खाकरलं. टाले सर खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले.

"उर्मट माणसं आहेत," साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाले त्यातलं मला एवढं कळलं. मग मराठीत, माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हे तुम्ही शिकवून आणलंय. मी लक्षात ठेवीन. आणि नियम एकच. हजेरी नाही, तर दहावी नाही."

त्या दिवशी अनुसया आजाबरोबर बैलगाडीतून परत गेली. संगणकाच्या खोलीवरून जाताना तिनं आत डोकावून पाहिलं. लाइट होती, यंत्रांचे पडदे निळे उजळले होते. मला तिचं ते पाहणं आवडलं नाही. आणि मला ते आवडलं नाही याचाही मला राग आला. तिला ते यंत्र हवं होतं. कोणी नको म्हटलं होतं?

पुढच्या रविवारी मी तांड्यावर गेले आणि दुपारभर नाईकाच्या ओट्यावर बसले. तिथं काय बोलणं झालं ते नंतर सगळ्यांना कळलंच. सोमवारी प्रार्थना झाल्यावर नाईक, सहा पोरींचे बाप नाहीतर आया, आणि पोरी, असे सगळे शाळेत आले. टाले सरांना वाटलं, रांगेत आले. त्यांनी शिपायाला चहा सांगितला.

मी सहा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"दाखले पाहिजेत, सर. शाळा सोडल्याचे."

त्यांनी वरचा अर्ज वाचला, खालचा वाचला. मग माझ्याकडं असं पाहिलं, जसं मला ताप चढला आहे. "तुम्ही यांना शाळेतून काढताय? तुम्ही?"

"हो."

"वर्षभर तांड्यावर चपला झिजवल्या ना तुम्ही? मीच सगळ्यांना सांगायचो."

"नववीत नापास होऊन बसल्या तर परत कोणी पाठवणार नाही. आज दाखला घेतला तर वय भरल्यावर बाहेरून दहावीला बसता येतं. तिथं संगणक विचारत नाहीत. मी शिकवीन."

"कुठं?"

"तांड्यावर. सकाळी, शाळेच्या आधी."

चहा आला. कोणी घेतला नाही. टाले सरांनी बराच वेळ टेबलावरची काच पुसली. मग कपाट उघडून दाखल्यांचं पुस्तक काढलं आणि लिहू लागले. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता. पहिला दाखला अनुसयाचा. तो लिहून झाल्यावर त्यांनी सही केली आणि नाईकाकडं सरकवला.

नाईकाला वाचता येत नव्हतं. त्यानं तो अनुसयाकडं दिला. "वाच."

ती वाचू लागली. "शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून."

"काय?" नाईक म्हणाला.

तिनं पुन्हा वाचलं.

"आमी कधी इनंती केली?" नाईकानं सरांना विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "आमी तं गाडीची इनंती केली होती. पोरी काढाची नाही."

"तसं लिहायची पद्धत असते नाईक," सर म्हणाले. "सगळ्यांच्या दाखल्यावर तसंच लिहितात."

"खोटं?"

सरांनी पेनचं टोपण लावलं.

"सर," मी म्हटलं, "खोट्यावर सही करत नाही म्हणाला होतात."

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका!" ते ओरडले. बाहेर वर्ग शांत झाले. "तुम्हाला काय हवंय ते मला कळतं. इथं मी दुसरं काही लिहिलं तर तो कागद जिल्ह्यापर्यंत फिरेल. माझी चौकशी लागेल. पेन्शनचे कागद अडतील. तुमचं काय जाईल? बदली होईल, दुसरं काय? मी घरी काय सांगू?"

 बेबीची आई दाराशी टेकली होती, तिनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. नाईक हात जोडून म्हणाला, "मास्तर, तुमाले तरास होत असन तं राहू द्या." तो हे मनापासून म्हणाला आणि दाखला घडी करू लागला.

"द्या इकडं," टाले सर म्हणाले.

त्यांनी दाखला परत घेतला, त्यावर तिरकी रेघ मारली, आणि पुस्तकातलं पुढचं पान काढलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून लिहिलं. कारणाच्या रकान्याशी पोचल्यावर त्यांनी पेन उचललं, चष्मा वर केला, आणि मग एका दमात लिहून काढलं. सहाही दाखले तसेच लिहिले. एकमेकांवर ठेवले, शिक्का मारला.

"वाच," त्यांनी अनुसयाला सांगितलं.

"शाळा सोडण्याचे कारण," ती वाचू लागली, "सक्तीच्या संगणक तासामुळे घरी परतण्यास वाहन न उरल्याने."

"झालं समाधान?" ते मला म्हणाले. "आता जा."

ते माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. महिनाभरात चौकशी लागली. सरांचे पेन्शनचे कागद निवृत्तीनंतर वर्षभर अडकून पडले. गावात मी समोर दिसले तर ते रस्ता बदलत. माझ्यावरचा त्यांचा राग मी कधी चुकीचा म्हटला नाही. माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. मग मी सुट्टीच्या दिवशी गाडीनं तांड्यावर जाऊ लागले. नाईकानं आपली कडब्याची खोली रिकामी करून दिली होती. जिन्याखालच्या खोक्यातला तराजू आणि चुंबकं मी कोणाला न विचारता तिथं आणली.

सगळ्या काही टिकल्या नाहीत. बेबीचं लग्न ठरलं आणि तिच्या बापापुढं माझं चाललं नाही. एक पोरगी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली ती गेलीच. उरलेल्या चौघी दहावीला बसल्या. संगणकाचं म्हणाल, तर कंपनीचा करार संपला, मयूर गेला, आणि एका ओळीच्या आदेशानं सक्ती उठली. कशासाठी लावली होती आणि कशासाठी काढली, दोन्ही वेळा आम्हाला कोणी विचारलं नाही. यंत्रांवर चादरी घातल्या आणि खोलीला कुलूप लागलं. पण मधल्या काळात तांड्यावरून कोळदऱ्याच्या शाळेत नवी मुलगी एकही आली नाही.

दहावीचा निकाल लागला तेव्हा अनुसया एकटी गाडीनं माझ्या नव्या गावी आली. तीन गाड्या बदलून. घामानं भिजली होती आणि गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. चौघीही पास झाल्या होत्या. तिला गणितात पंच्याऐंशी होते. मी तिला पाणी दिलं, गूळ दिला. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि आम्ही गुणपत्रिका दोघींच्या मांडीवर पसरली. तिनं सगळे आकडे पुन्हा एकदा मोठ्यानं वाचले. मग वरपासून खालपर्यंत बोट फिरवत काहीतरी शोधू लागली.

"काय पाहतेस?"

"शाळेचं नाव कुठं लिहिते, बाई?"

"बाहेरून बसलेल्यांच्या कागदावर शाळेचं नाव नसतं."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

तिला वाईट वाटलं असणार म्हणून मी काहीतरी बोलणार होते. पण तिनं गुणपत्रिका नीट घडी केली आणि पिशवीत घातली.

"बरं झालं," ती म्हणाली. "नाईतं त्याहीनं आमाले आपल्या निकालात मोजलं असतं."